ती क्लिप रेफ्रीला दाखवायची का?

वाचकाचं पत्र :

सर, सप्रेम नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे, शिवाजी पेठेत राहतो. मुलगा १२ वर्षांचा, गोलकीपर आहे. गेल्या महिन्यात १३ वर्षांखालच्या मुलांच्या एका स्पर्धेची फायनल होती. शून्य-शून्य असताना शेवटच्या पाच मिनिटांत समोरच्या मुलाचा शॉट क्रॉसबारला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. रेफ्रीनं गोल दिला आणि आम्ही एक-शून्यनं हरलो. माझे मिस्टर गोलच्या मागे कोपऱ्यात उभे राहून मोबाईलवर शूटिंग करत होते. त्यात बॉल पूर्ण आत गेलेला दिसत नाही. कुणीतरी त्यावर लाल गोल काढून क्लिप ग्रुपवर टाकली, तिथून ती इन्स्टाग्रामवर गेली आणि खाली ‘सेटिंग होतं’ अशा कॉमेंट आल्या. रेफ्री १९ वर्षांचा कॉलेजचा मुलगा आहे. त्यानं आता यायचं बंद केलंय असं कळलं.

पुढच्या सीझनला दोन्ही गोलमागे पालकांचे मोबाईल लावायचे आणि शंका आली की रेफ्रीनं ते बघून निर्णय द्यायचा, असं आमच्या पालकांनी ठरवलंय. ते काम माझ्याकडे दिलंय. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही क्लिप देऊन निकाल बदलून मागता येईल का? मोबाईलची ही व्यवस्था बरोबर आहे का? आणि मुलगा रोज रात्री झोपताना तीच क्लिप लावून बघतो, त्याला काय सांगू? सोबत क्लिप पाठवत आहे.

— एक आई, कोल्हापूर

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमची क्लिप मी पहिल्यांदा चहा पिता पिता मोबाईलवर बघितली आणि माझंही मत लगेच झालं की गोल नव्हता. मग मुलीच्या कॉम्प्युटरवर एकेक चित्र पुढे सरकवत बघितली. तासाभरानंतर माझं उत्तर असं आहे : गोल होता की नव्हता, हे या क्लिपवरून सांगता येत नाही. मी २६ वर्षं शिट्टी वाजवली आहे, तरीही मला सांगता येत नाही. का, ते आधी नीट सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

नियम असा की पूर्ण बॉल पूर्ण रेषेच्या पलीकडे गेला तरच गोल. रेषा ही मैदानाचाच भाग. बॉलचा बोटभर भाग जरी रेषेच्या वर लटकत असला तरी गोल नाही. तुमच्या मुलांचा चार नंबरचा बॉल असतो, त्याची जाडी साधारण २१ सेंटीमीटर. म्हणजे आपण वादात आहोत तो सगळा मामला वीतभर अंतराचा आहे.

आता मोबाईल. साधं शूटिंग सेकंदाला ३० चित्रं घेतं. त्या शॉटचा वेग ताशी ५० किलोमीटर धरला, तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत बॉल जवळजवळ ४५ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. दोन बॉलांपेक्षा जास्त. तुमच्या क्लिपमध्ये एका चित्रात बॉल तुमच्या मुलाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे, खाली येतोय, आणि तोही गोलाकार दिसत नाही, लांबट पांढरा पट्टा दिसतो. पुढच्या चित्रात तो आपटून वर उठलेला आहे. जमिनीला टेकला तो क्षण दोन्हींत नाही. ज्या क्षणावर एवढं महाभारत झालं, तो क्षण मोबाईलनं टिपलेलाच नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी कुणाच्याच लक्षात येत नाही. तुमचे मिस्टर गोलच्या मागे होते. मागून बघणाऱ्याला हवेतला बॉल नेहमी मैदानाच्या बाजूला सरकलेला दिसतो, म्हणजे ‘बाहेर’ दिसतो. समोरून बघणाऱ्याला तोच बॉल जाळीच्या बाजूला सरकलेला दिसतो, म्हणजे ‘आत’. तुमच्या क्लिपच्या सुरुवातीच्या तीन सेकंदांत रेफ्री दिसतो. तो पेनल्टी बॉक्सच्या बाहेर, समोर आहे. त्याला गोल दिसणार आणि तुमच्या मिस्टरांना दिसणार नाही. दोघंही जे दिसलं तेच सांगताहेत. यात सेटिंग शोधायला जागाच नाही.

यावर विश्वास बसत नसेल तर घरीच करून बघा. अंगणात किंवा गच्चीवर खडूनं एक रेषा आखा. तुम्ही बॉल दोन्ही हातांत धरून रेषेच्या बरोब्बर वर, गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. मुलाला एकदा रेषेच्या अलीकडे पाच पावलांवर उभं करा, एकदा पलीकडे. दोन्हीकडून विचारा, बॉल कुठं आहे? बॉल जागचा हललेला नसेल, पण त्याचं उत्तर बदलेल. मी शाळेत पी.टी.च्या तासाला हे कितीतरी वर्गांना करून दाखवलं आहे. पोरं आधी भांडतात, मग जागा बदलून बघतात आणि एकदम गप्प होतात. मिस्टरांनाही उभं करा.

आता तुमचा पहिला प्रश्न. निकाल बदलून मिळणार नाही, आणि मागूही नये. फुटबॉलच्या नियमांत पाचवा नियम रेफ्रीचा आहे. खेळात जे घडलं त्याबद्दलचा, म्हणजे गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय याबद्दलचा त्याचा निर्णय अंतिम असतो. खेळ पुन्हा सुरू झाला की रेफ्रीला स्वतःलाही तो निर्णय फिरवता येत नाही. तुमच्या फायनलमध्ये सेंटरवरून किकऑफ झाला तिथं विषय संपला.

हे कठोर वाटेल. पण २०१० च्या विश्वचषकात, दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनला, इंग्लंड-जर्मनी सामन्यात फ्रँक लँपार्डचा शॉट असाच बारला लागून खाली पडला होता. बॉल रेषेच्या चांगला आत होता. टीव्हीवर अख्ख्या जगानं बघितलं. त्या वेळी इंग्लंड १-२ नं मागं होतं, तो गोल मिळता तर बरोबरी झाली असती. रेफ्रीनं दिला नाही आणि सामना ४-१ असा संपला. त्यानंतर दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, गोलरेषेवर यंत्रं लावायला परवानगी मिळाली. नियम सुधारला, पण त्या सामन्याचा निकाल ४-१ च राहिला. तिथं तर पुरावा स्वच्छ होता. तुमच्याकडे पांढरा पट्टा आहे.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. सामना चालू असताना पालकांचा मोबाईल बघून निर्णय द्यायचा का? नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी स्वतः तसं एकदा केलं आहे.

२०१५ च्या सुमाराची गोष्ट. शाळाशाळांमधला १४ वर्षांखालचा सामना, दुपारचं रणरणतं ऊन. मी एक पेनल्टी दिली. एक वडील धावत आत आले आणि मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. ‘सर, एकदा बघा फक्त.’ उन्हात स्क्रीनवर काही दिसेना, म्हणून मी हाताचा आडोसा केला. काचेला कोपऱ्यात तडा गेलेला होता. आठ-दहा डोकी भोवती गोळा झाली. क्लिपमध्ये बचावपटूचा पाय आधी बॉलला लागलेला दिसला. मला वाटलं, चूक कबूल करण्यात कसला कमीपणा? मी पेनल्टी मागं घेतली.

दोन मिनिटांत पलीकडच्या बाजूची एक आई तिचा मोबाईल घेऊन आली. त्यात त्याच मुलाचा दुसरा पाय मागून येऊन फॉरवर्डच्या घोट्यावर बसलेला दिसत होता. दोन्ही क्लिप खऱ्या, आणि दोन्ही अर्धवट. वीस मिनिटं सामना थांबला. पोरं मैदानात बसून गवत उपटत होती. एकानं बाटलीतलं पाणी पीत मला विचारलं, ‘सर, खेळायचं का नाही?’ मी शेवटी ड्रॉप बॉल देऊन, म्हणजे स्वतःच बॉल खाली टाकून, खेळ सुरू केला. त्यानंतर मी शिट्टी तोंडाला लावली की दोन्ही बाजूंनी मोबाईल वर यायचे. शेवटच्या शिट्टीपर्यंतचा एकही निर्णय माझा नव्हता. मोठ्या माणसाची, अनुभवी पंचाची ही गत. तुमचा रेफ्री १९ वर्षांचा आहे.

त्या वडिलांनी मला फसवलं नाही. त्यांच्या मुलाच्या बाजूचं तेवढंच त्यांनी टिपलं होतं. पालकाचा कॅमेरा आपल्या लेकराच्या मागं फिरतो, ते स्वाभाविक आहे. मीही माझ्या मुलीच्या सामन्यांचं शूटिंग असंच केलंय, त्यात बाकीच्या दहा मुली जवळपास नाहीतच. आणि ज्या क्लिपमध्ये आपल्या मुलाचा हात बॉलला लागलाय ती घेऊन कुठले आईवडील रेफ्रीकडे धावत जातील? म्हणून ज्या टीमचे पालक जास्त, चांगले मोबाईल ज्यांच्याकडे, त्यांना न्याय जास्त मिळणार. तालुक्याच्या शाळेतली पोरं टेम्पोत बसून येतात, त्यांच्या बाजूनं शूटिंग करायला कोण असतं?

‘टीव्हीवर तर बघतात ना?’ असं तुमच्या ग्रुपवर कुणीतरी नक्की म्हणालं असेल. बघतात, पण कसं ते ऐका. व्हीएआर, म्हणजे वेगळ्या खोलीत बसून व्हिडिओ बघणारा सहायक पंच, फुटबॉलच्या नियमांत २०१८ मध्ये आला. आला तेव्हा तो फक्त चार गोष्टींसाठी होता : गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकून भलत्याच खेळाडूला कार्ड दिलं गेलं तर. त्यातही चूक उघड आणि ढळढळीत असायला हवी. पंचांना त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि स्पर्धेला तशी परवानगी मिळवावी लागते. आपल्या इंडियन सुपर लीगमध्येसुद्धा २०२४-२५ च्या सीझनपर्यंत व्हीएआर नव्हता. एवढी व्यवस्था असूनही स्लो मोशनबद्दल त्यांचा नियम कडक आहे. बॉल कुठं होता, धक्का नेमका कुठं लागला, हे स्लो मोशनमध्ये बघायचं. फाउल किती जोराचा होता हे साध्या वेगातच बघायचं. कारण हळू केलं की साधा अडखळलेला पायसुद्धा मुद्दाम मारल्यासारखा दिसतो. १२ वर्षांच्या मुलाचा पाय तर अडखळतोच, तो अजून वाढतोय. त्याची क्लिप हळू करून, लाल गोल काढून फिरवायची म्हणजे त्या लेकरावर अन्याय आहे.

तुमच्या पालकांच्या मनात जे आहे त्याच्या जवळ जाणारी एक पद्धत मात्र जगात सुरू झाली आहे, तीही सांगतो. फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट असं तिचं नाव. मे २०२४ मध्ये झुरिकच्या युवा स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरून बघितली आणि त्याच वर्षी कोलंबियात २० वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकातही वापरली. त्यात वेगळ्या खोलीत बसलेला पंच नसतो. कोच बोट हवेत गोल फिरवून चौथ्या पंचाकडे कार्ड देतो आणि तपासणी मागतो. सामन्यात अशा दोनच संधी. मागणी बरोबर निघाली तर संधी शाबूत राहते, चुकली तर गेली. रेफ्री स्वतः मैदानाच्या कडेला जाऊन स्क्रीन बघतो आणि स्वतःच ठरवतो. कॅमेरे स्पर्धेचे, ठरलेल्या जागी लावलेले. पालकांचा कुठंच संबंध नाही. उद्या ही पद्धत आपल्या जिल्ह्यापर्यंत आली तर मला आनंदच होईल. पण ती वरून, नियम करणाऱ्यांकडून आली पाहिजे. आपण ट्रायपॉडवर मोबाईल अडकवून तिची नक्कल केली तर माझ्या त्या दुपारसारखीच गत होईल.

मग मोबाईल घरी ठेवायचे का? अजिबात नाही. तुमच्या हातात हे काम आलंय याचा मला आनंद आहे, कारण पत्रात तुम्ही रेफ्रीची चौकशी केली आहे. त्या ग्रुपवर बाकी कुणाला ते सुचलेलं दिसत नाही.

एकच कॅमेरा ठेवा आणि तो आयोजकांचा ठेवा. मध्यरेषेच्या सरळ रेषेत, जमेल तेवढा उंच, बाकड्यावर किंवा पायऱ्यांवर. तो कुणाच्याही मागं फिरवायचा नाही. सामना संपला की शूटिंग एकाच माणसाकडे जमा होईल, ग्रुपवर जाणार नाही. पालकांनी आपल्या मुलाचे फोटो, व्हिडिओ जरूर काढावेत, पण गोलच्या मागं उभं राहून नाही. तुमचे मिस्टर जिथं उभे होते तिथून त्यांचा आवाज मुलाला प्रत्येक बॉलला ऐकू येत असणार. क्लिपमध्येही तो ऐकू येतो. ‘पुढं ये, पुढं ये, अरे मागं!’ गोलकीपरला त्या क्षणी हे नको असतं. गोलमागची जागा मोकळी ठेवा, दोर बांधा.

जमा झालेलं शूटिंग सामन्यानंतर दोन-तीन दिवसांनी रेफ्रीला द्यायचं. निकालासाठी नाही, त्याच्या शिकण्यासाठी. शेजारी एखादा जुना पंच बसवायचा. पालक नकोत, कोच नको. मी नव्या मुलांबरोबर असं बसतो तेव्हा शिट्टी वाजली तो क्षण आधी बघतच नाही. त्याच्या आधीचे दहा सेकंद बघतो. तू कुठं होतास? बॉल उजवीकडे गेला तेव्हा तू का थांबलास? दोन खेळाडूंच्या मधून बघत होतास की एकाच्या पाठीआडून? तुमच्या क्लिपमधला मुलगा चुकीच्या ठिकाणी नव्हता. लांबून अचानक शॉट आला, पळून रेषेपर्यंत पोचणं कुणालाच शक्य नव्हतं. हे त्याला कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

क्लिपमध्ये अजून एक गोष्ट दिसते, किंबहुना दिसत नाही. लाइनमन. त्या बाजूच्या कडेला झेंडा हातात घेतलेला एक राखीव खेळाडू आहे, तोही मागं वळून कुणाशी तरी बोलतोय. फायनलला एकच रेफ्री आणि लाइनला पोरं, ही आपल्याकडची जुनी रड आहे. ट्रायपॉड आणि मोबाईलसाठी पालक वर्गणी काढणारच असतील ना? त्या पैशातून निदान सेमीफायनल-फायनलला दोन शिकलेले लाइनमन बोलवा, त्यांचं मानधन द्या. लांबून मारलेल्या शॉटला तेही प्रत्येक वेळी गोलरेषेपर्यंत पोचतील असं नाही. पण ऑफसाइड, थ्रो, मागून झालेली ढकलाढकली, यातलं निम्मं भांडण तिथंच मिटेल, आणि एकट्या पोराच्या पाठीशी दोन माणसं उभी राहतील.

दोन प्रसंगांत मात्र शूटिंग लगेच पुढं करा. रेफ्रीच्या पाठीमागं कुणी कुणाला मारलं, शिवी दिली, थुंकलं, किंवा भलत्याच मुलाला रेड कार्ड मिळून तो पुढच्या सामन्याला मुकणार असेल, तर सामन्यानंतर आयोजकांच्या शिस्त समितीला ते द्यावं. त्यानं गोल बदलत नाही, पण एका मुलाची शिक्षा बदलू शकते.

दुसरा प्रसंग डोक्याला मार लागण्याचा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हेडिंगला दोन डोकी आपटली, किंवा तुमच्या मुलासारखा गोलकीपर पोस्टवर आदळला. पोरगं उठतं, म्हणतं मला काही झालं नाही. व्हिडिओत मात्र दिसतं की तो दोन-तीन सेकंद हललाच नव्हता, किंवा उठताना झोकांडी गेली होती. तशी शंका आली तर त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात सोडायचं नाही, आणि क्लिप थेट डॉक्टरांना दाखवायची. मी एकदा अशा मुलाला परत खेळू दिलं आहे. रात्री तो उलट्या करत होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तो बरा झाला, पण त्या रात्रीची आठवण मला अजून येते. मोबाईलचा खरा उपयोग मला इथं दिसतो.

आणि एक खबरदारी. मैदानात २२-२५ मुलं असतात, ती सगळी आपली नसतात. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळायची असेल तर संस्थेनं पालकांची संमती घ्यावी असं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो. कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याच्या लेकराचा पडलेला, रडणारा चेहरा इन्स्टाग्रामवर टाकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? स्पर्धेच्या फॉर्मवरच संमतीच्या दोन ओळी घाला, शूटिंग कोणाकडे राहील आणि कधी पुसलं जाईल ते लिहा, आणि स्पर्धा संपल्यावर खरंच पुसा. मुलींच्या सामन्यांना याची दुप्पट काळजी घ्या.

आता त्या रेफ्रीबद्दल. ताई, कोल्हापुरात फुटबॉलचा नाद किती आहे हे मी तुम्हाला काय सांगणार? पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. तालमीतालमींची ईर्षा, शाहू स्टेडियमवरची गर्दी. अनिकेत जाधव २०१७ ला १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून तर प्रत्येक पेठेतल्या आईबापांना आपलं पोरगं तिथं दिसायला लागलंय. चांगलीच गोष्ट आहे. पण शिट्टी घ्यायला किती पोरं पुढं येतात? हाताच्या बोटांवर मोजता येतील. मोठ्या सामन्यांचे पंच आकाशातून पडत नाहीत. ते तुमच्या मुलांच्या १३ वर्षांखालच्या सामन्यांतच शिकतात. तुमचा मुलगा बारकडे उडी मारायला जिथं शिकतोय, तिथंच हा मुलगा गोल द्यायला शिकतोय. वयात सात वर्षांचं अंतर, पण दोघंही शिकाऊच.

तो मुलगा सकाळी घरातून शिट्टी आणि दोन कार्डं खिशात घालून निघाला असेल. संध्याकाळी त्याच्या कॉलेजच्या मित्रांच्या मोबाईलवर त्याचाच चेहरा लाल गोलात फिरत होता आणि खाली पैसे खाल्ल्याचा आरोप. त्यानं काय करायला हवं होतं अशी आपली अपेक्षा आहे?

इन्स्टाग्रामवरची क्लिप आधी काढायला लावा. ज्यानं टाकली तो तुमच्याच ग्रुपवरचा असणार, नुसत्या मेसेजवर थांबू नका, फोन करा. मग ज्या ग्रुपवर ती पहिल्यांदा आली त्याच ग्रुपवर लिहा की या शूटिंगवरून गोल होता की नव्हता सांगता येत नाही आणि सेटिंगची भाषा चुकीची होती. तुमच्या मिस्टरांनी लिहिलं तर सगळ्यात चांगलं, कारण शूटिंग त्यांचं आहे. चार जणांना राग येईल. येऊ दे. आणि त्या मुलाला भेटा. आयोजकांकडून निरोप पाठवू नका. तुम्ही दोघं त्याच्या घरी किंवा कॉलेजच्या गेटवर जा आणि त्याच्याशी समोरासमोर बोला. माफी मागताना ‘पण’ हा शब्द येऊ देऊ नका. तो परत येईलच असं नाही. नाही आला तरी जा.

तुमच्या मुलाचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ विचार केला.

तो रोज रात्री क्लिप का बघतो? तुम्हाला वाटतंय की त्याला अन्याय झाल्यासारखं वाटतंय. असेलही. पण गोलकीपर मुलांना मी ओळखतो. माझा अंदाज असा की तो रेफ्रीकडे बघतच नाहीये. तो स्वतःकडे बघतोय. शॉट सुटला तेव्हा मी एक पाऊल पुढं होतो का? हात लागला असता का? क्लिपमध्ये तो खरंच दीड पाऊल पुढं आहे, आणि हे त्याला तुमच्या-माझ्या आधी दिसलेलं असणार. घरात सगळे मोठ्यानं रेफ्रीबद्दल बोलताहेत आणि त्याला ज्याबद्दल बोलायचंय ते कुणी विचारतच नाहीये. त्याला एकदाच विचारा, ‘तुला यात काय दिसतं?’ आणि मग गप्प बसा. तो बोलेल. दीड पावलाचं सांगितलं तर ‘छे छे, तुझी काही चूक नव्हती’ असं म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. १२ वर्षांच्या मुलाला आपली चूक सापडली, तर ती त्याची कमाई आहे. रविवारी कोचना सांगून त्याला बारखाली उभा करा, लांबून उंच शॉट मारा, पन्नास वेळा. बारला लागून खाली पडलेल्या बॉलवर झडप कशी घालायची ते हातांना कळलं की रात्रीचं बघणं आपोआप कमी होईल. महिनाभरानंतरही झोप नसेल, मैदानावर जायलाच नको म्हणत असेल, तर मला परत लिहा आणि डॉक्टरांशीही बोला. ते मग फुटबॉलपुरतं उरलेलं नसेल.

गच्चीवर खडूची रेषा आखाल तेव्हा त्या रेफ्री मुलालाही बोलवा. मला वाटतं, त्या दोघांना एका रेषेच्या दोन बाजूंना उभं राहून बॉल बघायला आवडेल.

तुम्ही पाठवलेली क्लिप हे उत्तर लिहून झाल्यावर मी माझ्याकडून पुसून टाकली आहे. मिस्टरांच्या मोबाईलमधली ठेवायची की नाही, ते मुलाला ठरवू द्या.